मूळ साचा बिघडतो तेव्हा

सरकारी कार्यालयात कोऱ्या कागदापासून कोणीच सुरुवात करीत नाही. पत्राचा मायना काय असावा, विषय कुठे लिहावा, संदर्भ कुठे यावा, सही कोणत्या बाजूला करावी, हे सारे लिहिणाऱ्याच्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. हेमाडपंताच्या नावावर सांगितली जाणारी मेस्तके म्हणजे दफ्तरी लिखाणाचे नियम आणि नमुनेच होत. पुढे इंग्रजी अमलात छापील नमुने आले. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांच्या जोडीवरून 'सातबारा' हा शब्द रुळला. नमुन्याचा क्रमांकच जमिनीच्या हक्काचे नाव होऊन बसावा, यावरून नमुन्याचे प्रशासनातील वजन ध्यानात येते.

छापील नमुना निदान डोळ्यांना दिसत असे. त्याच्या कोपऱ्यात क्रमांक असे, छापखान्याचे नाव असे आणि तो कोणत्या नियमाखाली तयार झाला याचा उल्लेखही पुष्कळदा असे. संगणक आल्यावर नमुना गेला नाही, तो अदृश्य झाला. आज देशातील बहुसंख्य कार्यालयांत टंकलेखनासाठी मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा त्याच धर्तीची आज्ञावली वापरली जाते. तेथे 'नवीन कागद' मागितला की कोरे पान समोर येते. ते पान मात्र कोरे नसते. त्याचा टंक, अक्षराचा आकार, ओळींतील अंतर, समास, कागदाचे माप, भाषा हे सर्व एका लहानशा फाईलमधून आलेले असते. तिचे नाव 'नॉर्मल'. ही फाईल बिघडली की काय होते आणि ती दुरुस्त कशी करतात, याचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने जाणून घेण्यासारखा आहे. बिघाडाचे आणि दुरुस्तीचे जे नियम या फाईलला लागू पडतात, तेच आपल्या कार्यालयीन नमुन्यांनाही लागू पडतात.

'नॉर्मल'चा जन्म

वर्डची पहिली आवृत्ती १९८३ साली आली. तिच्या निर्मितीमागे चार्ल्स सिमोनी आणि रिचर्ड ब्रोडी ही दोन नावे प्रामुख्याने घेतली जातात. सिमोनी त्यापूर्वी झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात होते. तेथे त्यांनी बटलर लॅम्पसन यांच्यासह 'ब्राव्हो' ही लेखन-आज्ञावली तयार केली होती. छापल्यावर जसे दिसेल तसेच पडद्यावर दिसावे, ही कल्पना ब्राव्होने प्रत्यक्षात आणली. मजकूर वेगळा आणि त्याचे रूप वेगळे, हा विचारही याच परंपरेतला. शीर्षक कसे दिसावे, परिच्छेद कसा दिसावा, याचे नियम एकदा ठरवावेत, त्यांना 'शैली' असे नाव द्यावे आणि ते मजकुराला लावावेत, अशी ही पद्धत होती.

विंडोजवरील वर्ड १९८९ साली आले. त्यात या शैली, वारंवार लागणारे मजकुराचे तुकडे, कळफलकाच्या आडवाटा आणि 'मॅक्रो' म्हणजे यंत्राला दिलेल्या छोट्या आज्ञावल्या, हे सर्व साठवण्यासाठी साच्याची फाईल होती. साचे कितीही करता येत, पण एक साचा सर्वांच्या वरचा. वर्ड सुरू होताच तो उघडे आणि वर्ड बंद होईपर्यंत प्रत्येक कागदपत्राच्या मागे उभा राही. हीच 'नॉर्मल.डॉट'. २००७ च्या आवृत्तीपासून तिचे नाव 'नॉर्मल.डॉटएम' झाले.

सामान्य काय हे कोणी ठरवायचे, हा प्रशासनातला जुना प्रश्न आहे. येथे तो एका कंपनीने आपल्यापुरता सोडवला आणि जगाने ते उत्तर मुकाट्याने स्वीकारले. विंडोज बसवताना 'प्रदेश' या रकान्यात अमेरिका तशीच राहिली, तर नव्या पानाचे माप अमेरिकी 'लेटर', म्हणजे २१५.९ गुणिले २७९.४ मिलिमीटर असे येते. आपल्या कपाटातला कागद मात्र २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ए-४. मग छपाईत शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते आणि सही एकटीच दुसऱ्या पानावर उरते. टंकाचेही तसेच. वर्ड ९७ मध्ये मूळ अक्षर टाइम्स न्यू रोमन १० होते, वर्ड २००० मध्ये ते १२ झाले, २००७ मध्ये त्याच्या जागी कॅलिब्री ११ आले आणि २०२३-२४ पासून ॲप्टॉस. या बदलांपैकी एकासाठीही कोणत्याही सचिवालयात टिपणी मांडली गेली नाही. तरीही कोट्यवधी सरकारी पत्रांचे रूप त्यांनी बदलले.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांना याचा आणखी एक अनुभव असेल. संगणकातील अनेक देवनागरी टंकांत 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी वळणाने उमटतात. मराठी वळण टंकात असले तरी मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवल्याशिवाय ते पुष्कळदा प्रकट होत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी शासन निर्णय काढला आणि मराठी वळण अधिकृत केले. परंतु भोपाळ किंवा दिल्लीच्या कार्यालयातील साच्यापर्यंत तो निर्णय पोहोचत नाही. तेथे ज्याचा साचा, त्याचे वळण.

साच्याची खूण कागदावर किती पक्की उमटते, याचे उदाहरण शेजारच्या पाकिस्तानात २०१७ साली घडले. पनामा कागदपत्रांच्या प्रकरणात नेमलेल्या संयुक्त तपास पथकाने असा आक्षेप घेतला, की २००६ ची तारीख असलेला ट्रस्टचा एक दस्त कॅलिब्री टंकात आहे आणि हा टंक सर्वसाधारण वापरासाठी २००७ साली बाजारात आला. बचाव पक्षाचे म्हणणे होते, की त्याआधीही चाचणी आवृत्तीत तो उपलब्ध होता. या प्रकरणात मरियम नवाझ यांना २०१८ साली शिक्षा झाली आणि २०२२ साली इस्लामाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. निकालाचा भाग बाजूला ठेवला, तरी मूळ साचा न्यायालयात साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो एवढे त्यातून दिसले.

पहिला मोठा बिघाड

१९९५ पर्यंत संगणकाच्या सुरक्षिततेविषयी एक समज ठाम होता. विषाणू आज्ञावलीतून किंवा सुरुवातीच्या फ्लॉपीतून येतो, कागदपत्रातून येत नाही. पत्र म्हणजे केवळ माहिती, ती वाचल्याने काय बिघडणार? त्या वर्षी 'कॉन्सेप्ट' नावाचा मॅक्रो विषाणू पसरला आणि हा समज संपला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. बाधित कागदपत्र उघडले, की त्यातील 'उघडताच चालणारा' मॅक्रो स्वतःची प्रत नॉर्मल.डॉटमध्ये टाकी आणि 'या नावाने साठवा' या आज्ञेची जागा घेई. त्यानंतर त्या यंत्रावर ज्या ज्या कागदपत्राला अशा रीतीने नाव दिले जाई, त्या प्रत्येकात विषाणू उतरे. त्या काळच्या वर्डमध्ये मॅक्रो फक्त साच्यातच राहू शकत. म्हणून बाधित पत्र आतून साचा होऊन बसे आणि साठवताना 'टेम्प्लेट' हा एकच प्रकार उपलब्ध दिसे. अनेकांना बिघाडाची पहिली खूण हीच दिसली. नासधूस करण्यासाठी राखलेल्या मॅक्रोत विषाणू लिहिणाऱ्याने आपला मुद्दा सिद्ध करायला एवढे पुरे, अशा अर्थाची एक ओळ तेवढी ठेवली होती. बाकी काही नाही. खुद्द मायक्रोसॉफ्टने पाठवलेल्या एका सीडीवरूनही हा विषाणू बाहेर गेला, यावरून तो किती बेमालूम होता हे कळते.

यातील खरी शक्ती विषाणूची नव्हती, साच्याची होती. एका पत्राला लागण झाली असती तर एक पत्र बिघडले असते. साच्याला लागण झाली म्हणून पुढचे प्रत्येक पत्र बिघडले. शिवाय टंकलेखकाची त्यात काहीच चूक नव्हती. तो नेहमीप्रमाणे लिहीत होता, नेहमीप्रमाणे साठवत होता.

२६ मार्च १९९९ रोजी 'मेलिसा' आली. तिनेही नॉर्मल.डॉटमध्ये घर केले, मॅक्रोविषयीची धोक्याची सूचना बंद पाडली आणि आऊटलुकच्या पत्तापुस्तकातील पहिल्या ५० पत्त्यांवर कागदपत्र पाठवून दिले. टपालाच्या ओझ्याने अनेक संस्थांना आपली ई-मेल सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. प्रशासनाच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब अशी, की बाधित यंत्रावरचे गोपनीय कागदपत्रही कोणाच्या नकळत बाहेर जाण्याची शक्यता होती. तिचा कर्ता डेव्हिड स्मिथ याने ८ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचे मान्य केले आणि २००२ साली त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

उपाय टप्प्याटप्प्याने आले. वर्ड ९७ ने मॅक्रो असल्याची सूचना द्यायला सुरुवात केली. वर्ड २००० ने स्वाक्षरी नसलेले मॅक्रो मुळातच न चालवण्याचे धोरण घेतले. २००७ मध्ये मॅक्रो असलेली आणि नसलेली कागदपत्रे नावानेच वेगळी केली गेली. साध्या 'डॉकएक्स' फाईलला मॅक्रो बाळगण्याची मुभाच राहिली नाही. इंटरनेटवरून आलेल्या फाईलीतील मॅक्रो आपोआप अडवण्याचा निर्णय मात्र २०२२ साली अमलात आला. कॉन्सेप्टपासून मोजले तर २७ वर्षे लागली. बिघाड एका दिवसात पसरतो, नियम बदलायला पिढी लागते.

न ओरडणारे बिघाड

विषाणूचा बिघाड निदान आरडाओरडा करतो. कार्यालयात अधिक नुकसान करणारे बिघाड शांत असतात. त्यांपैकी तीन येथे सांगतो.

पहिला टंकाचा. युनिकोडपूर्व कृतिदेवसारख्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चिन्हे बसवलेली असतात. सामाईक यंत्रावर कोणी तो टंक 'कायमचा' म्हणून निवडला, की दुसऱ्या दिवशी इंग्रजी पत्र लिहू पाहणाऱ्याच्या पडद्यावर निरर्थक देवनागरी उमटते. उलट, असे पत्र तो टंक नसलेल्या यंत्रावर गेले की हिंदी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. केंद्र सरकारने २००९ साली ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले. साच्यात जुना टंक घर करून असेल, तर अधिसूचना त्याच्यापुढे हतबल ठरते.

दुसरा शैलीचा. 'शैली आपोआप अद्ययावत करा' या खुणेवर टिचकी राहिली, की लिपिकाने तयार केलेला मसुदा अधिकाऱ्याच्या यंत्रावर उघडताच तेथील साच्याचे रूप घेतो. परिच्छेदांचे आपोआप पडणारे क्रमांक शैलीतून येत असतील, तर तेही बदलू शकतात. मग 'परिच्छेद ४ मधील अटीनुसार' या वाक्याचा अर्थ कोणत्या यंत्रावर वाचले यावर अवलंबून राहतो.

तिसरा सर्वांत घातक, तारखेचा. पत्राच्या साच्यात तारखेच्या जागी 'आजची तारीख' दाखवणारे फील्ड असेल, तर ते पत्र सहा महिन्यांनी उघडून छापल्यावर त्या दिवसाची तारीख दाखवते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि पहिल्या अपिलाची मुदतही ३० दिवसांची. उत्तर केव्हा दिले, हाच वाद असेल आणि कार्यालयाने संगणकातील प्रत पुन्हा छापून हजर केली, तर तो कागद खोटे बोलेल. कोणी खोटे लिहिलेले नसतानाही! या फील्डऐवजी 'निर्मितीची तारीख' हे फील्ड वापरावे किंवा तारीख सरळ हाताने टंकावी.

दुरुस्तीची रीत

वर्ड सुरू होताच बंद पडते, कोणताही बदल न करता 'नॉर्मलमध्ये बदल झाला, साठवायचा का?' असे विचारते, नवे पान भलत्याच रूपात उघडते, अशा तक्रारी दिसल्या की मूळ साच्यावर संशय घ्यावा. प्रथम खात्री करावी. विंडोजच्या 'रन' चौकटीत विनवर्ड, मग मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि रोमन 'ए' असे लिहून वर्ड सुरू केल्यास ते मूळ साचा आणि जोड-आज्ञावल्या न घेता उघडते. अशा वेळी तक्रार नाहीशी झाली, तर दोष साच्यात किंवा जोडांत आहे असे समजावे.

नंतर वर्ड आणि आऊटलुक दोन्ही बंद करावीत. वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरात 'रोमिंग', त्यात 'मायक्रोसॉफ्ट' आणि त्यात 'टेम्प्लेट्स' अशा वाटेने ही फाईल सापडते. फोल्डर लपवलेले असू शकते. वर्डच्या पर्यायांत 'फाईलींची ठिकाणे' येथेही त्याचा पत्ता मिळतो. फाईल पुसून टाकू नये, तिचे नाव बदलावे. वर्ड पुन्हा सुरू केल्यावर त्याला नॉर्मल सापडत नाही, म्हणून ते स्वतःजवळच्या मूळ नियमांवरून नवी फाईल तयार करते. जुन्या फाईलमधील उपयोगी शैली मग 'ऑर्गनायझर' या साधनाने एकेक करून नव्या फाईलमध्ये आणाव्यात. विषाणूची शंका असेल, तर मॅक्रो आणू नयेत.

येथे दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे, बाधित कागदपत्रे तशीच ठेवून केवळ साचा स्वच्छ केला, तर जुने पत्र उघडताच लागण परत येऊ शकते. १९९५ नंतरच्या काही वर्षांत अनेक कार्यालयांत हे चक्र चालू होते. दुसरी म्हणजे, कागदपत्र तयार होताना शैलींची प्रत त्याच्या पोटात जाते. त्यामुळे नवा साचा आला म्हणून जुनी पत्रे आपोआप सुधारत नाहीत. ती एकेक करून तपासावी लागतात.

साचा आणि मन

हेच दोन नियम संगणकाबाहेरच्या प्रशासनालाही लागू आहेत. १९६६ च्या न्यायवृत्तांत नोंदलेला सर्वोच्च न्यायालयाचा 'जगन्नाथ मिश्र विरुद्ध ओरिसा राज्य' हा निकाल पाहावा. भारत संरक्षण नियम, १९६२ खाली एका माणसाला स्थानबद्ध केले गेले. आदेशात नियमातील स्थानबद्धतेची जवळजवळ सगळी कारणे एकापुढे एक उतरवलेली होती. मंत्र्यांच्या शपथपत्रात मात्र त्यांतील दोनच कारणे आली. न्यायालयाने असे मानले, की हा आदेश मन लावून काढलेला नाही, नियमाची भाषा यांत्रिकपणे उतरवलेली आहे. स्थानबद्धता रद्द झाली. त्या काळी वर्ड नव्हते, पण साचा होता. त्या साच्यातून निघालेल्या कागदावर एका माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले होते.

'लागू नसेल ते खोडावे' ही छापील नमुन्यावरील सूचना म्हणूनच महत्त्वाची होती. खोडण्यासाठी हात उचलावा लागे आणि हात उचलताना क्षणभर विचार करावा लागे. संगणकाच्या साच्यात खोडावे लागत नाही, काही न करता सर्व तसेच पुढे जाते. न केलेल्या निवडीला निर्णयाचे रूप येते आणि त्याखाली अधिकाऱ्याची सही होते. नागरिक मात्र त्या सहीकडे पाहूनच आपला हक्क मोजतो.

म्हणून काही साध्या गोष्टी कार्यालयप्रमुखांनी ठरवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. कार्यालयाचे साचे कोणाच्या ताब्यात आहेत, हे लेखी आदेशाने ठरवावे. ज्या साच्याला धनी नाही, तो बिघडल्यावर जबाबदारही कोणी नसतो.

२. कार्यालयीन मायना, बोधचिन्ह, मानक परिच्छेद 'नॉर्मल'मध्ये ठेवू नयेत. त्यांचा वेगळा, नाव आणि दिनांक असलेला साचा करावा व त्याची प्रत फक्त वाचण्यासाठी खुली ठेवावी. म्हणजे नॉर्मल बिघडली तरी ती निर्धास्तपणे बाजूला काढता येते.

३. साच्यात तारीख, नाव, कलम यांच्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. आधीच्या प्रकरणातला तपशील साच्यात राहू देऊ नये.

४. वर्षातून एकदा साचे तपासावेत. कायद्यात दुरुस्ती झाली तर त्याच दिवशी तपासावेत.

५. साचा दुरुस्त केल्यावर, बिघडलेल्या काळात त्यातून निघालेल्या पत्रांची यादी करावी आणि ज्यांना चुकीचे पत्र गेले त्यांना सुधारित पत्र पाठवावे.

पाचवी सूचना बहुधा कोणाला आवडणार नाही, कारण तीत काम आहे. परंतु दुरुस्ती पुरी होते ती तेथेच. नवी फाईल तयार व्हायला यंत्राला एक क्षण पुरतो. जुन्या साच्यातून गेलेला कागद मात्र कोणाच्या तरी घरी, पेटीत, घडी घालून जपून ठेवलेला असतो, आणि तो माणूस त्यावर विश्वास ठेवून बसलेला असतो.